शिकवणाऱ्याला कोण शिकवणार?

तुमच्या विद्यापीठात कॅनव्हास असेल, मूडल असेल किंवा ब्लॅकबोर्ड. लीड्स असो, ॲटलांटा असो की दुबई, तुमच्या सगळ्या प्राध्यापकांकडे साधनं साधारण तीच असतात. तोच प्रोजेक्टर, तेच रेकॉर्डिंग, तीच ऑनलाइन क्विझ. मग एका तासाला तुम्ही फोन बाजूला ठेवून ऐकता आणि दुसऱ्या तासाला नव्वद स्लाइड्स डोळ्यांसमोरून मालगाडीसारख्या निघून जातात, हे कसं?

सोपं उत्तर असं की एकाला शिकवता येतं, दुसऱ्याला येत नाही. पण मग पुढचा प्रश्न येतो: ज्याला येतं त्याला ते शिकवलं कोणी? शाळेतल्या बाई बीएड किंवा डीएड करून वर्गात येतात. विद्यापीठातला प्राध्यापक बहुतेक देशांत पीएचडी करतो आणि थेट फळ्यासमोर उभा राहतो. आपल्याकडच्या नेट-सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात खरे, पण कोणी तुम्हाला वर्गात उभं करून 'शिकवून दाखवा' म्हणत नाही.

पॉडकास्टच्या या भागात आपण डिजिटल साक्षरतेबद्दल बोललो. तासाभरात तिचा इतिहास काही मावला नाही, म्हणून हा लेख. साठ वर्षांत विद्यापीठांमध्ये यंत्रं पाच-सहा वेळा बदलली. दर वेळी आश्वासन एकच होतं: आता शिकवणं सुधारेल. आणि दर वेळी हिशेबात एक रक्कम मांडायची राहून गेली: शिकवणाऱ्याचा वेळ. जिथे ती मांडली गेली, तिथे शिकवणं खरंच सुधारलं. ही गोष्ट त्या राहून गेलेल्या रकमेची आहे.

अर्बाना, १९६०: नारिंगी पडदा

तुमच्यापैकी कोणी इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनमध्ये शिकत असेल तर ही तुमच्या गल्लीतली गोष्ट. १९६० साली तिथे डोनाल्ड बिट्झर नावाच्या तरुण इंजिनिअरने इलियाक नावाच्या अवाढव्य कॉम्प्युटरला एक टीव्ही जोडला आणि त्यावर धडा दाखवला. प्रकल्पाचं नाव प्लेटो. सुरुवातीला एका वेळी एकच विद्यार्थी बसू शकायचा. १९७२ च्या सुमारास आलेल्या चौथ्या आवृत्तीत मात्र नारिंगी रंगात उजळणारा प्लाझ्मा पडदा होता आणि बोटाने स्पर्श केला की त्याला ते कळायचं. तुमच्या-आमच्या खिशातल्या फोनच्या कितीतरी आधी! १९७३ मध्ये त्याच यंत्रणेवर चर्चेच्या पाट्या आणि गटात गप्पा मारायची सोयही आली.

बिट्झर आणि मंडळींनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली होती. धडे लिहिण्यासाठी 'ट्यूटर' नावाची एक वेगळी प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली, म्हणजे प्राध्यापकांना आपले धडे आपणच लिहिता येतील. कल्पना छान. पण विचार करा, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने तासाभराचा एक धडा लिहायचा म्हणजे कित्येक दिवसांचं काम. ते दिवस आणायचे कुठून?

सत्तरच्या दशकात अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने प्लेटोचं आणि त्याच्या 'टिकिट' नावाच्या प्रतिस्पर्धी यंत्रणेचं कम्युनिटी कॉलेजांमध्ये स्वतंत्र मूल्यमापन करून घेतलं. प्लेटो विद्यार्थ्यांना आवडलं, शिक्षकांनाही आवडलं. पण विद्यार्थ्यांच्या गुणांमध्ये एकूणात ठळक फरक काही दिसला नाही. टिकिटची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे कल्पनाच अशी होती की मुख्य शिकवणं यंत्रच करेल. ज्यांनी कोर्स पूर्ण केला त्यांचे गुण नेहमीच्या वर्गापेक्षा चांगले आले. पण पूर्ण करणारे फारच थोडे निघाले, नेहमीच्या वर्गापेक्षा बरेच कमी.

हे लक्षात ठेवा. पस्तीस वर्षांनी हीच गोष्ट पुन्हा घडणार आहे, आणि तेव्हा सगळ्यांना ती नवी वाटणार आहे.

मिल्टन कीन्स, १९७१: एका तासामागे दहा माणसं

आता अटलांटिक ओलांडू. १९६३ मध्ये ग्लासगोच्या एका भाषणात हॅरॉल्ड विल्सन यांनी 'हवेतल्या विद्यापीठा'ची, म्हणजे रेडिओ-टीव्हीवरून शिकवणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढे ते पंतप्रधान झाले आणि त्यांच्या सरकारातल्या जेनी ली यांनी ही कल्पना नेटाने पुढे रेटली. १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांचं शिक्षण सुरू झालं. प्रवेशाला आधीची कुठलीही पदवी किंवा परीक्षा लागत नव्हती. बस ड्रायव्हर, गृहिणी, कारकून, कोणीही यावं.

ब्रिटनमध्ये वाढलेल्यांच्या घरी, शेजारी कोणाला तरी बीबीसीवरची ती रात्री उशिराची व्याख्यानं आठवत असतील. २००६ पर्यंत ती चालली. पण खरं सांगायचं तर विद्यार्थ्यांचा बहुतेक वेळ जायचा छापील पुस्तिकांवर, टीव्हीवर नाही. ओपन युनिव्हर्सिटीचा खरा शोध टीव्ही नव्हताच. तो होता 'कोर्स टीम'.

म्हणजे काय, तर एक अभ्यासक्रम एकट्या प्राध्यापकाने लिहायचा नाही. विषयतज्ज्ञ, बीबीसीचे निर्माते, संपादक आणि शिकवण्याच्या पद्धतींचा अभ्यास केलेली माणसं एका टेबलाभोवती बसायची. एकाने मसुदा लिहायचा, बाकीच्यांनी तो फाडून काढायचा, मग परत लिहायचा. आपल्या प्राध्यापकांना विचारून बघा, त्यांच्या नोट्स गेल्या दहा वर्षांत दुसऱ्या कोणी वाचून 'हे कळत नाही' असं म्हटलंय का? वर्गाचं दार बंद झालं की आत काय चालतं हे सहकाऱ्यांनाही माहीत नसतं. ओपन युनिव्हर्सिटीने ते दार उघडलं.

दुसरी गोष्ट ट्यूटरची. विद्यार्थ्याने पाठवलेल्या असाइनमेंटवर गुण देऊन भागायचं नाही, त्यावर शेरे लिहायचे. आणि ते शेरे कसे आहेत, विद्यार्थ्याला त्यातून पुढे काही शिकता येईल का, हे विद्यापीठ नमुन्यादाखल तपासायचं. तिथे ट्यूटरलाही कोणीतरी शिकवत होतं.

किराणा आणि ट्रक

१९८३ मध्ये अमेरिकेतले शिक्षणसंशोधक रिचर्ड क्लार्क यांनी एक लेख लिहिला आणि खळबळ उडवून दिली. तोवर रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर यांची तुलना फळ्याशी करणारे ढीगभर अभ्यास झाले होते. क्लार्कनी ते सगळे चाळले आणि म्हणाले, माध्यम म्हणजे किराणा पोचवणारा ट्रक. ट्रक बदलल्याने आपलं पोषण बदलत नाही, आत काय भरलंय त्याने बदलतं. जिथे नव्या माध्यमाने फरक पडल्यासारखा वाटतो, तिथे बहुधा धडाच नव्याने रचलेला असतो.

तुम्हाला ही उपमा थोडी अन्यायाची वाटली तर तुम्ही एकटे नाही. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ मध्ये उत्तर दिलं की काही गोष्टी काही माध्यमांतच शक्य असतात. आंबा आणायचा तर ट्रकमध्ये जागा आणि थंडावा दोन्ही लागतं, नाही का? (आंबा माझा, कोझ्मांचा नाही.) हलणारा आलेख, सिम्युलेशन, बटण दाबून मागे जाता येणारं व्याख्यान, हे खडूने जमत नाही. हा वाद आजही मिटलेला नाही. पण एका गोष्टीवर दोघांचंही दुमत नव्हतं: ट्रकमध्ये काय आणि का भरायचं, हे कोणीतरी विचारपूर्वक ठरवावं लागतं.

१५ ऑगस्ट १९८४: उपग्रहावरून आलेला तास

आता भारतात येऊ. १९८४ च्या स्वातंत्र्यदिनी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. इन्सॅट उपग्रहामुळे देशभर एकाच वेळी उच्चशिक्षणाचे कार्यक्रम दाखवता येणार होते. ते तयार करायला विद्यापीठांमध्ये माध्यम केंद्रं निघाली, त्यातल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात. उद्देश अगदी सच्चा होता. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीलाही दिल्ली-पुण्यातलं विज्ञान दिसावं.

तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांना ते कार्यक्रम आठवतात का. आठवत असतील तर बहुधा कुतूहल म्हणून, अभ्यास म्हणून नाही. त्याची कारणं रचनेतच होती. कार्यक्रम मुख्यतः इंग्रजीत होते. ते मुद्दामच अभ्यासक्रमाला धरून नव्हते, ज्ञान वाढवण्यासाठी होते. आणि प्रक्षेपणाच्या वेळी कॉलेजांमध्ये तास किंवा प्रॅक्टिकल चालू असायची. पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळं आहे. कार्यक्रम उपग्रहाकडून थेट विद्यार्थ्याकडे निघाला होता. वाटेत त्या कॉलेजातला शिक्षक लागतच नव्हता. कार्यक्रमाच्या आधी वर्गात काय बोलायचं, नंतर काय विचारायचं, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्याच्याकडून कोणी ऐकलंही नाही.

पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद तुम्ही कधीतरी एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर वाचलं असेल. तिथे मिल्टन कीन्सचा धडा मराठीत आला: विद्यार्थ्याने स्वतः वाचून शिकावं अशी मराठी पुस्तकं, गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं, आणि संपर्कसत्रांना समंत्रक. 'समंत्रक' हा शब्द बघा. व्याख्याता नाही, सल्ला देणारा, सोबत बसून विचार करणारा. नाव बदललं की माणसाचं काम आपोआप बदलतं असं नाही. पण काम बदलायला हवं, हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं, एवढं त्यातून दिसतं.

हार्वर्ड, १९९१: पुठ्ठ्याची कार्डं

एरिक मॅझुर हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचे. विद्यार्थी त्यांना भरभरून गुण द्यायचे. मग त्यांच्या वाचनात आलं की विद्यार्थी गणितं सोडवतात पण न्यूटनचे साधे नियम त्यांच्या डोक्यात बसलेले नसतात. 'माझ्या वर्गात असं होणार नाही' या खात्रीने त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना साध्या शब्दांतले प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की तुम्ही शिकवलंत तसं उत्तर लिहू की मला मनातून वाटतं तसं? त्या प्रश्नात सगळं आलं.

१९९१ पासून मॅझुरनी तासाची रचनाच बदलली. थोडं बोलायचं, मग एक असा प्रश्न टाकायचा की ज्यावर वर्गाचं एकमत होणार नाही. प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं. मग शेजाऱ्याला पटवायचं. मग पुन्हा उत्तर द्यायचं. दहा वर्षांच्या नोंदी त्यांनी आणि कॅथरीन क्राउच यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि विद्यार्थ्यांची समज स्पष्टपणे वाढलेली दिसली.

आज तुमच्या विद्यापीठात क्लिकर किंवा फोनवरचं ॲप वापरून प्रश्न विचारत असतील. त्यात या पद्धतीचाही वाटा आहे. पण सुरुवातीला मॅझुरच्या वर्गात हात वर करणं आणि उत्तराची कार्डं दाखवणं, एवढंच होतं. २००८ मध्ये नॅथॅनिएल लास्री यांनी मुद्दाम तुलना केली: एका वर्गाला क्लिकर, दुसऱ्याला कार्डं. शिकण्यात फरक पडला नाही. क्लिकरमुळे शिक्षकाला मोजदाद सोपी जाते, तो फायदा खरा. पण शिकवणं सुधारलं ते प्रश्नाने. आणि असा एक चांगला प्रश्न तयार करायला कधी कधी अख्खी संध्याकाळ जाते.

दोन प्रकारची साक्षरता

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा कोर्स महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचला. तुमच्या घरात एखाद्या काकाने किंवा मावशीने सरकारी नोकरीसाठी तो केलाच असेल. माऊस धरण्यापासून वर्ड-एक्सेलपर्यंत. आज त्याची थट्टा करणं सोपं आहे. पण ज्या गावात दिवसातून आठ तास वीज जायची तिथे कॉम्प्युटरची भीती घालवणं ही छोटी गोष्ट नव्हती.

तरी ही पहिली साक्षरता झाली, बटणांची. 'डिजिटल साक्षरता' हे शब्द ज्यांच्या १९९७ च्या पुस्तकामुळे रुळले त्या पॉल गिल्स्टर यांचा तेव्हाच आग्रह होता की मुद्दा कळा दाबण्याचा नाही, कल्पनांवर पकड मिळवण्याचा आहे. शिकवणाऱ्यासाठी याचा अर्थ काय, हे २००६ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोएलर यांनी नीट मांडलं. विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि साधनांचं ज्ञान, ही तीन वेगवेगळी असतात. पण वर्गात उपयोगी पडतं ते तिन्ही जिथे एकमेकांत मिसळतात ते ज्ञान. उदाहरण घ्या: एक्सेल येणं वेगळं, संख्याशास्त्र येणं वेगळं. पण 'सरासरी फसवते' हे विद्यार्थ्याला पटावं म्हणून एक्सेलमध्ये कुठला आकडा बदलून दाखवायचा, हे कळणं तिसरंच.

आणि हे दोघं तिथवर पोचले कसे? प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांचे लहान गट करून, सत्रभर बसून, एक खरा ऑनलाइन कोर्स मिळून बनवायला लावून. पुन्हा टेबल, पुन्हा सोबत, पुन्हा वेळ.

पवई, २००९ नंतर

२००९ मध्ये भारत सरकारने माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. त्या पैशातून टॅब्लेट आले, केबल आल्या. पण त्यातून एक वेगळी गोष्टही झाली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी विद्यार्थ्यांऐवजी शिक्षकांना शिकवायचं ठरवलं. पुढे या कामाचं नाव पडलं 'दहा हजार शिक्षकांचं प्रशिक्षण', आणि आयआयटी खरगपूरही त्यात होतं.

रचना अशी होती. देशभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं 'दूरस्थ केंद्रं' म्हणून निवडली. प्रत्येक केंद्राचा एक समन्वयक आधी पवईला येऊन शिकून जायचा. मग मुख्य कार्यशाळेच्या वेळी पवईतून व्याख्यान थेट प्रक्षेपित व्हायचं, त्यासाठी अमृता विद्यापीठाने बनवलेलं ए-व्ह्यू वापरायचे. आसपासच्या कॉलेजांतले शिक्षक त्या केंद्रात जमायचे, प्रश्न विचारायचे, आणि नंतर त्याच केंद्रात समन्वयकाच्या मदतीने लॅब आणि सराव करायचे. अशा प्रकारे एका वेळी हजारो शिक्षक शिकले. साहित्य सगळ्यांना खुलं ठेवलं गेलं.

१९८४ शी ताडून बघा. तेव्हाही प्रक्षेपण होतं, आताही होतं. फरक इतकाच की आता पडद्यासमोर शिक्षक बसला होता, तो उलट बोलू शकत होता, आणि शेजारी त्याच्यासारखेच वीस-तीस जण होते.

पवईतच कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्यूटोरियल' उभं केलं: दहा-एक मिनिटांचे व्हिडिओ, अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर स्वतः करून बघायचं. पायथन, लिब्रेऑफिस, लाटेक, सगळं फुकट, आणि आवाज मराठीसकट अनेक भारतीय भाषांत. तर श्रीधर अय्यर आणि सहाना मूर्ती यांच्या शैक्षणिक तंत्रज्ञान गटाने दाखवून दिलं की प्रोग्रॅमिंगच्या शेकडो मुलांच्या वर्गातही 'आधी एकट्याने विचार करा, मग जोडीने, मग सगळ्यांना सांगा' ही साधी पद्धत चालते. त्यांच्या २०१३ च्या अभ्यासात अशा वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी खरोखर कामात गुंतलेले आढळले. ही पद्धत वापरायला शिक्षकाला नवं यंत्र लागत नाही. तास नव्याने आखावा लागतो.

सॅन होझे, २०१३ आणि मग २०२०

२०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्व्हिग यांच्या एका ऑनलाइन कोर्सला दीड लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. पुढच्या वर्षी कोर्सेरा आलं, एडएक्स आलं, आणि विद्यापीठं बंद पडणार अशी भाकितं सुरू झाली. मराठीत या 'मूक' कोर्सेसचं नाव वाचताना हसू येतं, कारण त्यात शिकणाऱ्याला बोलायला खरंच कोणी नसायचं.

जानेवारी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन होझे स्टेट विद्यापीठाने थ्रुन यांच्या युडॅसिटीबरोबर तीन प्राथमिक कोर्स सुरू केले, त्यात गणितात मागे पडलेल्यांसाठीचा एकही होता. जुलैमध्ये प्रयोग थांबवावा लागला. उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण कॅम्पसवरच्या वर्गांपेक्षा खूपच खाली होतं. टिकिट आठवतंय? ज्यांना आधीच शिकता येतं ते पुढे जातात, ज्यांना हात हवा असतो ते गळतात.

मग मार्च २०२० आला. तुमच्यापैकी कित्येकांचं एखादं सत्र खोलीतल्या बेडवर बसून संपलं. त्याच महिन्यात चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बजावलं होतं की याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, ही आणीबाणीतली दूरस्थ सोय आहे. खरा ऑनलाइन कोर्स आखायला महिने लागतात, इथे शिक्षकांना दिवस मिळाले होते. काहींनी त्या दिवसांतही जादू केली. बहुतेकांनी फळा होता तसा कॅमेऱ्यासमोर नेला. त्यांना दुसरं काही करायला ना कोणी शिकवलं होतं, ना वेळ होता.

मग बिल कोणाच्या नावावर?

इथे गोष्ट तुमच्यापाशी येते. महाराष्ट्रातल्या सीनिअर कॉलेजांत आज कितीतरी शिक्षक 'तासिका तत्त्वावर', म्हणजे सीएचबीवर शिकवतात. जेवढे तास घेतले तेवढे पैसे. घरी बसून चांगला प्रश्न रचण्याचे, व्हिडिओ करण्याचे, पन्नास जर्नलांवर शेरे लिहिण्याचे पैसे कोणी देत नाही. अमेरिकेत ह्यांनाच ॲडजंक्ट म्हणतात, ब्रिटनमध्ये तासावरचे लेक्चरर. अशा माणसाला 'डिजिटल साक्षर व्हा' असं परिपत्रक पाठवणं म्हणजे शेतकऱ्याला पाणी न देता बियाणाचं पाकीट देणं.

बदल होऊ शकतो. ओपन युनिव्हर्सिटीतल्या ट्यूटरांनी आणि त्यांच्या संघटनेने अनेक वर्षं वाटाघाटी केल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये चार हजारांहून जास्त ट्यूटर तात्पुरत्या करारांवरून कायम झाले. यंत्रांच्या बातम्यांत ही बातमी कुठे दिसली नाही. पण शिकवण्याच्या दर्जाच्या इतिहासात ती नारिंगी पडद्यापेक्षा लहान नाही.

तुम्ही आज टीए असाल, उद्या कोणी लेक्चरर व्हाल, नाहीतर फी भरणारे विद्यार्थी तर आहातच. नोव्हेंबर २०२२ पासून एक नवा ट्रक दाराशी उभा आहे, एआयचा. तुमचं विद्यापीठ त्याची घोषणा करेल तेव्हा टाळ्या वाजवा किंवा नका वाजवू, पण तीन प्रश्न जरूर विचारा. हे वापरून तास नव्याने आखायला शिक्षकांना किती तास दिले आहेत, आणि त्याचे पैसे दिलेत का? ते एकट्याने करायचं आहे की टेबलाभोवती बसून? आणि ज्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त हात हवा आहे, त्याच्या शेजारी कोण असणार आहे?

टीए असाल तर पहिला प्रश्न स्वतःच्या करारात शोधा. तयारीचे तास लिहिलेत का बघा. नसतील तर विभागाच्या पुढच्या बैठकीत मागा, आणि मिळाले तर त्यातली एक संध्याकाळ फक्त एका प्रश्नावर घालवा. असा प्रश्न की ज्यावर तुमच्या वर्गाचं एकमत होणार नाही. मग वर्गाला भांडू द्या.